मिळाला, आभारी आहोत

फॅक्सकाकांनी ते बटण दाबायला नको होतं. यंत्रणा बसवायला आलेल्या माणसाने तसं बजावलंही होतं. पण सांगितलेलं सरळ ऐकलं, तर ते फॅक्सकाका कसले!

कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये काका नोकरीला होते. पुढे ऑफिस, मागे प्लास्टरची खोली. दंतवैद्य दातांचा रंग, आकार, सूचना फॅक्सने पाठवायचे, आणि प्रत्येक फॅक्सला काका उलट फॅक्स करायचे : 'मिळाला. आभारी आहोत.' ही रीत थोरल्या साहेबांनी घालून दिलेली. थोरले साहेब गेले, रीत काकांनी राखली. (ते आभार कोणी वाचतं का, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. देवळातली घंटा वाजवणारा तरी कुठे विचारतो?)

एके दिवशी धाकट्या साहेबांनी जाहीर केलं की मशीन काढायचं, फॅक्स यापुढे परस्पर ईमेलमध्ये येतील. मशीनच गेलं तर मशीनशेजारची खुर्ची कोण ठेवणार? भीतीपोटीच ते बोलून गेले, "साहेब, ते काम मी बघतो."

"बघा. जमलं तर तुम्हीच त्याचे प्रमुख," साहेब म्हणाले. "नाही जमलं, तर मागे प्लास्टर ढवळायला माणूस हवाच आहे."

घरी बायको म्हणाली, "अहो, भिंतीवरचं घड्याळ लावायला तुम्ही शेजाऱ्यांना बोलावता."

सासरे काही बोलले नाहीत. ते निवृत्त मास्तर. उरलेसुरले दात काढल्यावर त्यांनी ठरवलं होतं, की जन्मभर मुलांचे उच्चार सुधारले, आता बोबडं बोलायचं नाही. कवळी येईपर्यंत मौन. ते लेकीकडे मुक्कामाला होते आणि जावयाकडे नुसतं बघायचे. ते बघणं काकांना बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

यंत्रणा बसली. "यात आपोआप पोच पाठवायचीही सोय आहे," बसवणारा म्हणाला. "पण हे बटण दाबू नका. समोरच्यानेही दाबलं असलं तर पंचाईत."

"समोरच्यांना एवढी रीतभात कुठली?" म्हणत काकांनी बटण दाबलं.

आणि संध्याकाळी साडूंना फोन करून फुशारकी मारली. साडू एका दंतवैद्याच्या दवाखान्यात मॅनेजर होते. थोरला जावई पुढे गेला आणि धाकटा गप्प बसला, असं त्या घराण्यात कधी झालं नव्हतं. आठवड्याच्या आत साडूंनी तीच यंत्रणा बसवली. तेच बटणही दाबलं.

सासऱ्यांचे दात त्याच दवाखान्यात काढले होते. त्यांच्या कवळीच्या सूचना साडूंनी सकाळी फॅक्स केल्या. लॅबच्या यंत्रणेने पोच दिली : 'मिळाला. आभारी आहोत.' ती पोच तिकडे फॅक्स म्हणून पोचली. तिकडच्या यंत्रणेने तिचे आभार मानले. इकडच्या यंत्रणेने त्या आभारांचे.

काका पडद्याकडे कौतुकाने बघत राहिले. काय ही सभ्यता! दुपारी एक दंतवैद्य घामाघूम होऊन स्वतःच दारात आले. "सकाळपासून तुमची लाइन एंगेज! माझा पेशंट दातांवाचून बसलाय!"

काकांनी घाईघाईने साडूंना फोन लावला. "साडूभाऊ, बंद करा तुमचं."

"छे, तुम्ही मोठे. तुमचे आभार अर्धवट टाकून मी कसं बंद करू? आधी तुम्ही."

"म्हणजे शेवटचे आभार तुमचे? आणि उद्धट आम्ही?"

फोन दोन्हीकडून आपटले गेले. यंत्रं मात्र नम्रपणे चालू होती. शेवटी साहेब बाहेर आले आणि त्यांनी वायर उपटली. ईमेल गळ्यापर्यंत भरलं होतं. काकांनी सगळे आभार एकदम पुसून टाकले. त्यात सासऱ्यांच्या कवळीच्या सूचनाही गेल्या.

त्या सूचना आणायला काका साडूंच्या दारात चालत गेले. तो कागद घेताना मान खाली होती, आणि खरं सांगायचं तर डोळेही भरले होते. परत आले तेव्हा खुर्चीवर साहेबांची बॅग होती. मागच्या खोलीतून हाक आली, "काका, वाटी घ्या. गुठळी राहू देऊ नका."

पहिलंच प्लास्टर त्यांनी ढवळलं ते सासऱ्यांच्या साच्याचं. एक बुडबुडा राहिला तर मास्तरांच्या हिरडीला टोचेल, म्हणून जीव ओतून ढवळलं.

कवळी घरी आली. सासऱ्यांनी ती बसवली, आरशात पाहिलं, दोनदा 'शुद्धलेखन' म्हणून पाहिलं आणि मौन सोडलं. "जावईबापू, कुठे म्हणून टोचत नाही. तुमचा हात प्लास्टरचा आहे. इतकी वर्षं उगीच कागदात घातलीत."

काकांना काय वाटलं ते त्यांनाच नीट कळलं नाही. सवयीने तोंडून गेलं, "मिळालं. आभारी आहोत."

"छे छे, आभारी मी," सासरे म्हणाले.

"तुमच्या आभारांबद्दल आम्ही..."

"अहो," बायको मध्येच म्हणाली, "तुमची वायर कुठे आहे, तेवढं सांगून ठेवा."