आंबवडेकरीण बनाबाईंचे लोणचे पेठेतून नाहीसे जाहले, त्याची हकीकत

श्री ग्रामदैवत समर्थ. लोणचे जाणणारे आणि न जाणणारे तमाम वाचक यांसी विनंती ऐसी जे, भोर प्रांती मौजे आंबवडे येथे शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, वैशाखमासी जो बिकट प्रसंग गुदरला, तो कोणी लिहोन ठेविला नाही. पुढे लेकीसुनांनी पुसले असता कोणी काही सांगेल, कोणी काही सांगेल आणि खऱ्यास खोट्याचे पाणी लागेल. म्हणोन घडले तैसे, पदरचा मीठमसाला न घालिता, येथे लिहिले आहे. मीठमसाल्याचा मजकूर पुढे आपोआप येईल.

मौजे मजकुरी बनाबाई नामे मातबर बाई, उमर वर्षे बासष्ट, अंगे शिडशिडीत, जबान तिखट, परंतु हाताचा गुण ऐसा की कच्चे करवंद त्या हाती पडावे आणि त्याने आपला आंबटपणा शहाण्यासारखा आवरोन घ्यावा. गावातील पाच बायकांचा बचतगट त्यांचे सरदारकीखाली. आणि सून नूतनबाई, बारावीपर्यंत शिकलेली, चिटणिशी आणि मोबाईल ही दोन्ही खाती तिजकडे.

अलीकडे पृथ्वीवर एक अदृश्य पेठ वसली आहे. तीस वेस नाही, तट नाही, पहारा नाही. गिऱ्हाईक घरी खाटेवर पडल्या पडल्या पेठेत फिरते आणि बोट लाविले की वस्तू टेम्पोत बसोन त्याचे दारी येते. गतसाली नूतनबाईंनी त्या पेठेत सासूबाईंचे नावे दुकान मांडिले, आणि अंगणात बनाबाईंस उभे करोन, त्यांचे उजवे हाती करवंदाचे लोणच्याची बरणी देवोन, हात आणि बरणी इतुकीच तसबीर काढोन दुकानावर लाविली. हातावर उन्हाचा रापलेला रंग, मनगटी तुळशीवृंदावनाचे गोंदण, त्यावर हिरव्या बांगड्या. मग पुण्याहून मागणी आली, आणि नाशकाहून आली, आणि एक बरणी थेट नागपुरास गेली, तेव्हा बनाबाई आठ दिवस शेजारणींच्या दारांवरोन मुद्दाम हळू, तोऱ्याने चालत होत्या.

ऐसे सुखाचे दिवस असता, वैशाख शुद्धात एके सकाळी नूतनबाईंनी पेठ उघडोन पाहिली, तो दुकान नाही. जेथे बरणी होती तेथे मैदान. खाली फर्मान लिहिले होते की, सदर तसबीर दुसऱ्या दुकानदाराची नक्कल असल्याची तक्रार आल्यावरोन ही वस्तू दडविली आहे. मग नूतनबाईंनी दुसरा दुकानदार कोण म्हणोन शोध चालविला, तो पहिल्याच ओळीत "शाही पाटा मसालेवाले" या नावाचा गनीम दिसला. तसबीर तीच, बरणी तीच, धरणारा हातही तोच. परंतु हात दुधासारखा गोरा, बांगड्या गेलेल्या, गोंदण नाहीसे, आणि अनामिकेत खड्याची अंगठी.

नूतनबाईंनी मोबाईल सासूबाईंपुढे धरिला. बनाबाईंनी चष्मा लाविला, काढिला, पुसला आणि पुन्हा लाविला.

"ह्यो हात कुनाचा गं?"

"तुमचाच हाय, आत्याबाई. गोरा केलाय."

"आन माजं गोंदान?"

"पुसलं."

बनाबाईंनी वृंदावनावरोन बोट फिरविले. मग बोलिल्या, "सात वर्साची हुते. म्हायेरी गोंदणारीन आली हुती. रडले, पन हात न्हाई वढला. आन ह्यानं बसल्या जागी पुसलं."

त्या दिवशी त्यांस जेवण गेले नाही. लोणचे चोरीस गेले असते तर दुसरे घातले असते. परंतु आपलाच हात परका होवोन आपल्याच लोणच्यावर हक्क सांगतो, हे दुःख कोणास सांगावे.

मग मोहीम सुरू जाहली. नूतनबाईंनी पेठेचे दरबारी खलिता धाडिला. अर्ध्या पळात उत्तर आले की, आपला अनुभव आम्हांस मोलाचा आहे. दुसरा धाडिला. तेच उत्तर. तिसऱ्या खलित्यात सर्व मजकूर तपशिले लिहिला, तेव्हा उत्तर आले की, आपला अनुभव आम्हांस मोलाचा आहे, आणि आमच्या सेवेस पाच पैकी किती तारे द्याल.

"कोन हाय ह्यो?" बनाबाईंनी पुसले.

"मानूस न्हाई आत्याबाई, मशीन हाय."

"तरी इचार, तुजा हात कुनी पुसला तर तू किती तारं देशील म्हून."

नूतनबाईंनी तैसेच लिहिले. मशीनाने धन्यवाद दिले.

शेवटी सातव्या खलित्यास खाशा मनुष्याचे उत्तर आले. पेठेच्या दरबारी वैदेहीबाई नामे अधिकारी, त्यांचा हुकूम ऐसा की, तीन दिवसांत मूळ तसबीर हजर करावी. ती नसल्यास मोबाईलवर समोरासमोर येवोन तसबीर आपली असल्याचा पुरावा दाखवावा. दोन्ही न जमल्यास दुकान कायमचे बंद होईल. हे वाचोन नूतनबाईंचे तोंड उतरले. मूळ तसबीर जुन्या मोबाईलमध्ये, आणि जुना मोबाईल गेल्या आषाढात भाताची लावणी करिते समयी कमरेचा सुटोन चिखलात गेला, तो बाहेर निघाला तेव्हा त्यात फक्त चिखल होता.

मग सासूसुना मोबाईलवर डोके लावोन गनिमाची तसबीर मोठी करोन पाहू लागल्या. हात पाहिला, बरणी पाहिली, झाकण पाहिले. आणि नूतनबाईंचे बोट डावे कोपऱ्यात थबकले. तेथे काही तपकिरी, केसाळ ऐसे डोकावत होते आणि त्यास त्रिकोणी खाच होती. गनिमाने हात गोरा केला, अंगठी घातली, परंतु कोपऱ्याकडे त्याचे ध्यान गेले नाही.

"आत्याबाई, ह्यो कान हाय."

बनाबाईंनी पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. कान ओळखीचा होता. शेजारच्या फुलाबाईंची बकरी ठकी, हिचा डावा कान लहानपणी कुत्र्याने फाडिला होता. तसबीर काढिते समयी ती अंगणात शिरली असावी. पुरावा सापडला, परंतु तो फुलाबाईंचे दावणीस बांधिला होता.

येथे दोन्ही घराण्यांचा पूर्ववृत्तांत लिहिणे प्राप्त आहे. फुलाबाई ह्या बनाबाईंच्या जाऊबाई. घरास घर लागोन, मधे कुडाचे कुंपण. चार वर्षे उभयतांत बोलणे नाही. गावात सर्वांस ठाऊक की, ठकीने लोणच्याची चाळीस लेबले खाल्ली आणि बनाबाईंनी तीस काठी मारिली, तेव्हापासोन वैर पडले. प्रथम नूतनबाईंस वकील म्हणोन धाडिले. त्या रित्या हाती परत आल्या. फुलाबाईंचा जबाब ऐसा की, ज्यांस गरज असेल त्यांनी खासा यावे.

बनाबाई ओसरीवर बसोन राहिल्या. आपले दारापासोन फुलाबाईंचे दारापर्यंत पावले अकरा. एवढाच मुलूख, परंतु चार वर्षांत कोणी ओलांडिला नव्हता. मग त्या उठिल्या, पदर खोचिला आणि अकरा पावले चालोन गेल्या. फुलाबाई तांदूळ निवडीत होत्या. मान वर केली नाही.

"बस," फुलाबाई बोलिल्या.

"बसत न्हाई. बकरी पायजे. येका दिसापुरती."

"कापाया?"

"साक्षीला."

फुलाबाईंचा हात सुपात थांबला. बनाबाईंनी सगळा मजकूर सांगितला. गोऱ्या हाताचा, पुसल्या गोंदणाचा आणि कोपऱ्यातील कानाचा. फुलाबाईंनी ऐकोन घेतले आणि बोलिल्या, "काठीनं हानली हुतीस तिला."

"हानली हुती. चुकलं माजं. मुकं जनावर, त्याला लेबल काय कळतंय."

"लेबलांचं न्हाई गं बना." फुलाबाईंनी सूप बाजूस ठेविले. "गट केलास तवा चार घरं हिंडलीस. सगुणाच्या घरी गेलीस, वरच्या आळीला गेलीस. माज्या दारावरनं गेलीस दोनदा. मला इचारलं न्हाईस."

बनाबाईंस हे अगदी नवे होते. चार वर्षे त्या लेबलांवरोन भांडत होत्या.

"मला वाटलं तू न्हाई म्हनशील."

"म्हनलेच असते. पन इचारायचं तरी."

मग बनाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि तह जाहला. कलमे येणेप्रमाणे ठरली की, फुलाबाईंस गटात सहावे पाटाचा मान द्यावा. ठकीस काठी दाखवू नये, आणि लेबले उंच फळीवर ठेवावी, तिच्या शहाणपणावर सोडू नयेत. फुलाबाईंनी बकरी घेवोन जातीने मोहिमेवर यावे, कारण परक्याच्या हाकेस ती ओ देत नाही. तहावर शिक्का म्हणोन उभयतांनी कोरा चहा घेतला.

वैशाख वद्य द्वितीया, बुधवार, सकाळी अकराचा समय मुक्रर जाहला. आंबवड्यात घराघरी मोबाईलची रेंज खेळते आणि जाते, तिचा इतबार नाही. भरवशाची रेंज म्हणाल तर टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी. म्हणोन दहा वाजताच फौज चढाईस निघाली. आघाडीस नूतनबाई, छातीशी मोबाईल, त्यात चार्जिंग एकसष्ट टक्के. मागोन बनाबाई बरणी घेवोन. त्यांचे पाठी गटातील सगुणाबाई, मोबाईलवर ऊन पडू नये म्हणोन छत्री धरणाऱ्या. आणि पिछाडीस फुलाबाई, दोरीच्या टोकास ठकी. अर्ध्या वाटेवर करवंदीची जाळी लागली. तेथे ठकीने मुक्काम केला. दोघींनी ओढिली, दोघींनी ढकलिली, परंतु तिने पाला पुरता केल्याविना छावणी हलविली नाही. मोहिमेचा एक चतुर्थांश काळ या जाळीपाशी खर्च जाहला.

अकरास दोन पळे कमी असता फौज टाकीपाशी पोचली आणि मोबाईल वाजला. वैदेहीबाई पडद्यावर प्रगट जाहल्या. चष्मा, मागे पांढरी भिंत, मुद्रा गंभीर. त्यांनी प्रथम हात दाखवा म्हणोन सांगितले. बनाबाईंनी बरणी धरोन हात पुढे केला.

"आजी, समोरच्यांच्या फोटोत गोंदण नाहीये. हात जुळत नाही."

"बाई, त्यानी पुसलंय. पुसलेलं कसं जुळंल?"

"मला पटतंय. पण नोंद करायला पुरावा लागतो. दुसरं काही आहे का?"

तेव्हा बनाबाईंनी कोपरा पाहण्याची विनंती केली. वैदेहीबाईंनी तसबीर मोठी केली आणि चष्मा वर सरकवोन पडद्याजवळ वाकल्या.

"हे काय आहे?"

"ठकीचा कान."

वैदेहीबाईंनी साक्षीदारास हजर करण्याची आज्ञा केली. ठकीस पुढे आणिले. तिने प्रथम उजवा कान दिला, मग पाठ दिली, मग सगुणाबाईंच्या छत्रीची कड खाऊ लागली. नूतनबाई मोबाईल घेवोन तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा फिरल्या, आणि ठकीही तितुकीच फिरली. चार्जिंग बावीस टक्क्यांवर आले. आता बनाबाईंचे हाती उरले ते एक बकरीचे मन, आणि तिला तर त्यांनी काठी मारिली होती.

तेव्हा फुलाबाई खाली बसल्या आणि हळूच बोलिल्या, "ठके, हितं बघ बया."

ठकीने मान वळविली. डावा कान उन्हात आला, त्रिकोणी खाच स्वच्छ दिसली. नूतनबाईंनी मोबाईल दोन्ही हातांनी स्थिर धरिला. वैदेहीबाई एकदा तसबिरीकडे, एकदा कानाकडे, ऐसे चार वेळा पाहत्या जाहल्या. मग कागदावर काही लिहिले आणि गंभीरपणे बोलिल्या, "शेळीचा पुरावा आजवर कुणी दिला नव्हता. मी नोंद करते." जाता जाता त्यांनी दरबारी कामाबाहेरचा एक सवाल केला की, लोणचे मुरायला किती दिवस लागतात. बनाबाईंनी सांगितले, "इस दीस. घाई केली तर आंबट ऱ्हातंय."

दुसरे दिवशी निवाडा आला. दरबाराने गनिमासही कोपऱ्यातील वस्तू काय म्हणोन पुसले होते. त्याने पडद्याची घडी ऐसा जबाब दिला. पडद्यास केस कैसे, या दुसऱ्या सवालाचा जबाब आला नाही. सबब गनिमाचे दुकान उठविले आणि बनाबाईंचे दुकान पूर्ववत प्रगट जाहले.

पुढे पुन्हा ऐसा दगा होऊ नये म्हणोन नूतनबाईंनी बंदोबस्त केला. नवी तसबीर काढोन तीवर आडवे नाव लिहिले. मूळ तसबिरीच्या प्रती भोरास संगणकवाल्याकडे करवोन दोन ठिकाणी जपोन ठेविल्या. आणि वस्तूचे नाव नुसते "लोणचे" होते, ते बदलोन गिऱ्हाईक ज्या ज्या शब्दांनी शोधते ते सर्व त्यात घातले, म्हणोन बरणी सतराव्या पानावरोन तिसऱ्या ओळीत आली. नव्या तसबिरीबाबत बनाबाईंचा एकच हुकूम होता, "हाताला कुनी हात लावायचा न्हाई."

निवाडा आला त्या दुपारी सहाही बायका बनाबाईंचे ओसरीवर जेवावयास बसल्या. भाकरी, पिठले आणि नव्या खेपेचे लोणचे. फुलाबाईंनी फोड तोंडात घातली, चघळिली आणि सर्वांदेखत बोलिल्या, "मीठ कमी पडलंय."

बनाबाईंचे लोणच्यास गेल्या तीस वर्षांत कोणी ऐसे बोलिले नव्हते. सासूने नाही, नवऱ्याने नाही, नागपूरच्या गिऱ्हाइकाने नाही. सगुणाबाईंनी घास तैसाच हाती धरिला. नूतनबाई भिंतीकडे पाहू लागल्या. बनाबाईंनी एक फोड घेतली आणि डोळे मिटोन चाखिली. मग मिठाची बरणी उचलोन फुलाबाईंपुढे सरकविली.

"टाक मग. तुजापन हात लागू दे."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. लोणचे आपले पेठेत, हात आपले रंगात आणि जाऊबाई आपले पाटावर आल्या. जायबंदी, छत्री एक. मीठ आता बरोबर आहे. हे लिहिणाराने दोनदा चाखोन लिहिले आहे.