भाकरीचं वजन

बाळांनो, डोळे मिटा आणि एक मांजर डोळ्यांसमोर आणा. आणलीत? आता तिला थोडी फुगवा. अजून थोडी. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून दम खाईल इतकी. झाली? ही भाकरी. चिंचपोकळीच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. कुणाकडे, ते विचारू नका. मजल्यावर अकरा खोल्या आहेत आणि भाकरी अकराही ठिकाणी जेवते.

याच मजल्यावर दर्शना राहते. ती परळच्या कॉलेजात जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते. सरांनी वर्गाला काम दिलं होतं : घराजवळच्या एका प्राण्याची तब्येत महिन्याभरात सुधारून दाखवा.

"माझं प्राण्यांवर प्रेम आहे, असं मला येऊन सांगू नका," सर म्हणाले. "प्रेम सगळ्यांचंच असतं. आकडे दाखवा."

मागच्या परीक्षेत दर्शना याच विषयात गटांगळ्या खात कशीबशी काठाला लागली होती. या वेळी आकडे दाखवले नाहीत, तर बुडणार हे नक्की होतं.

तिने भाकरी निवडली. भाकरी काट्यावर एकटी उभी राहीना, म्हणून दर्शनाने आधी स्वतःचं वजन केलं. अठ्ठेचाळीस किलो. मग भाकरीला कडेवर घेऊन केलं. चोपन्न. चोपन्नातून अठ्ठेचाळीस गेले, राहिले सहा. महिन्यात त्यातले तीनशे ग्रॅम उतरवायचे. घाई केली तर मांजर आजारी पडतं. तिने वहीच्या पहिल्या पानावर 'मी = ४८' असं लिहून सुबक चौकट आखली, म्हणजे दर वेळी दोनदा चढायला नको. शास्त्राच्या कामात नीटनेटकेपणा लागतो.

मग तिने गॅलरीत पाटी लावली : 'भाकरीला काहीही खायला देऊ नये.' भाकरीचं मोजलेलं जेवण ती स्वतः दोन वेळा घालू लागली आणि रोज संध्याकाळी घरोघरी चौकशीला निघाली.

"मावशी, खरं सांगा. आज काय दिलंत तिला?"

"मी?" शेजारच्या अंबिकामावशी म्हणाल्या. "तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही गं. हे बघ, बोंबलाची शेपटीपण ताटात आहे. खोटं वाटत असेल तर खाऊन बघ."

दर्शनाने खाऊन बघितलं. पुरावा तपासायलाच हवा.

पुढच्या दारात कुशाबाआजोबा होते. त्यांचं आयुष्य गिरणीत गेलं, पण बोली मालवणातच राहिली.

"बस गो. अर्धो घावणो खा."

"आजोबा, मी चौकशीला आलेय."

"मग बसान कर चौकशी. दाराशी इलेलो माणूस रिकाम्या तोंडान जाणा नाय."

अकरा खोल्या, अकरा चौकशा.

पहिल्या रविवारी काट्याने दोघींचे मिळून चोपन्न किलो चारशे दाखवले. वजाबाकी केली. भाकरी सहा किलो चारशे.

"चारशे ग्रॅम वाढली!" दर्शनाचा आवाज चिरकला. "कुणीतरी घालतंय."

गॅलरीत प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघितलं. दर्शनाने चौकशी दिवसातून दोनदा करायचं ठरवलं.

दुसऱ्या रविवारी भाकरी सहा किलो नऊशे भरली. अंबिकामावशींना कुशाबांच्या दाराबाहेर माशाचा काटा सापडला आणि दोघांचं बोलणं बंद झालं. कुशाबा तडक प्रभादेवीला गेले आणि सिद्धिविनायकासमोर उभे राहून म्हणाले, "मी शेपटेचो तुकडोसुद्धा घालूक नाय." येताना लाडू आणले. प्रसादाला नाही म्हणू नये. दर्शनाने दोन खाल्ले.

तिसऱ्या रविवारी साडेसात किलो. आता कचऱ्याच्या डब्यांची झाकणं दोरीने बांधली गेली आणि चौकशी दिवसातून तीनदा होऊ लागली.

गंमत अशी, की भाकरी आता जिना न थांबता चढत होती. तिसऱ्या पायरीवर दम दर्शनाला लागत होता. ते चौकशीच्या फेऱ्यांमुळे, असं तिचं मत होतं. कुर्ताही घट्ट झाला होता; तो धुऊन आटला होता.

चौथ्या रविवारी काटा छप्पन किलो दोनशेवर थांबला. भाकरी आठ किलो दोनशे! सोमवारी सरांसमोर उभं राहायचं होतं. दर्शना उंबऱ्यावर बसली, वहीत 'कारण अज्ञात' असं लिहिलं आणि डोळे पुसले.

पलीकडच्या खोलीतली मनवा शेजारी येऊन टेकली. मनवा पाचवीत होती आणि तिला वही दिसली की वाचायची सवय होती.

"ताई, हे अठ्ठेचाळीस कधीचे?"

"पहिल्या दिवशीचे."

"परत नाही केलंस?"

"माझं कशाला? डाएटवर मी थोडीच आहे?"

मनवाने भाकरीला उचललं आणि जिन्याकडे गेली. खाली शीव कोळीवाड्याच्या शेवंतीकाकूंनी नुकतीच मासळीची पाटी उतरवली होती. त्यांच्या काट्याच्या परातीला पापलेटाचा वास होता. भाकरी स्वतःहून परातीत बसली आणि हललीसुद्धा नाही.

"पाच किलो सातशे," शेवंतीकाकू म्हणाल्या. "कापून देऊ, का अख्खी नेतेस?"

गॅलरीतून अकरा डोकी खाली वाकली.

"पाच सातशे?" दर्शना वरून ओरडली. "म्हणजे उतरलं! बरोब्बर तीनशे ग्रॅम! मी पास!"

चाळीने टाळ्या वाजवल्या. अंबिकामावशी तळलेल्या मांदेलीची ताटली घेऊन धावत आल्या आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा कुशाबांशी बोलल्या, "चुकलं हो माझं."

"ता ऱ्हवांदे," कुशाबा म्हणाले. "पण मग बाकीचा वजन गेला खंय?"

मनवा भाकरीला घेऊन वर आली होती. तिने कठड्यावर बोटाने आकडे मांडले. "छप्पन दोनशेतून पाच सातशे गेले. राहिले पन्नास किलो पाचशे." मग तिने दर्शनाकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. अंबिकामावशींची ताटली हवेत थांबली.

"ताई, जरा एकटी उभी राहतेस काट्यावर?"

"मला अभ्यास आहे," दर्शना म्हणाली.

मनवा स्टुलावर चढली, खिळ्यावरची पाटी काढली आणि पेनाने 'भाकरीला' हा शब्द खोडून त्यावर नीट अक्षरात 'दर्शनाताईला' असं लिहिलं. पाटी तिने दर्शनाच्या दाराला अडकवली, अंबिकामावशींच्या हातातली ताटली काढून घेतली आणि भाकरीला मांडीवर घेऊन उंबऱ्यावर पहाऱ्याला बसली.