खोबरेल तेलाचं रीडिंग

गावंडेकाका कुठल्याही वस्तूकडे नुसतं बघत नाहीत, तिचं रीडिंग घेतात. उभा जन्म अकोल्यातल्या घरांमध्ये विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्यात गेला. आता निवृत्त झाले, तरी एक डोळा मिटून, मान वाकडी करून, बॅटरी मारून बघायची सवय काही गेली नाही. दूधवाल्याचं माप, माझ्या वरणातलं पाणी, माझ्या नवऱ्याचं वाढतं पोट, सगळ्याचं रीडिंग होतं आणि ते मोठ्यानं जाहीरही होतं. त्यावर ठरलेलं वाक्य असतं, "आपन सोता जाऊन रीडिंग घेतलं. घरी बसून आकडे भरनारे वेगळे." खात्यातलं कोणकोण घरी बसून आकडे भरायचं, हे आमच्या जठारपेठेतल्या गल्लीला आता तोंडपाठ आहे.

अशा माणसानं गेल्या हिवाळ्यात शाळा काढली. विद्यार्थिनी एकच, त्यांची पाच वर्षांची नात ओवी. तिची आई कंपनीच्या कामासाठी जर्मनीत, बाप पुण्यात रात्रपाळीवर, म्हणून पोरगी काकांकडे, तिच्या आबांकडे. मी शेजारीच राहते आणि वीसेक वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. त्यामुळे शिक्षणाच्या बाबतीत माझं मत कुणी विचारलं नाही, हे ओघानं आलंच.

सुनेनं तिकडून मोबाईलवर हिवाळ्यात घरी करून घ्यायचे उपक्रम पाठवले होते. बर्फाचा माणूस बनवा, पेंग्विन मोजा, हातमोज्यांच्या जोड्या लावा. हे अकोल्यात, जिथे हिवाळा घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि चहा व्हायच्या आत उठतो. काकांनी सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि ही थंडी आपली नाही असा निकाल देऊन स्वतःचा अभ्यासक्रम काढला.

पहिला धडा खोबरेल तेलाचा. सकाळी उठलं की ओवीनं एक डोळा मिटून, तेलाच्या बाटलीवर बॅटरी मारून रीडिंग सांगायचं: पातळ, अर्धं, की पूर्ण गोठलं. गोठलं तर शाळा, पातळ असेल तर सुट्टी. याला अपवाद नाही, कारण काकांच्या मते शाळा थंडीची होती आणि थंडी नसताना थंडीची शाळा भरवणं म्हणजे घरी बसून आकडे भरणं. मग बाटली आमच्या दोन्ही घरांच्या सामाईक गच्चीवर उन्हात जायची आणि तेल विरघळलं की काका ओवीच्या वेण्या घालायचे. काकांच्या डोक्यावर एकही केस नसल्यामुळे हात बसलेला नव्हता. एक वेणी कानावर यायची, दुसरी मानेवर.

बाकीचे धडेही याच दर्जाचे. बर्फाचा माणूस म्हणून तिळाच्या लाडवावर लाडू ठेवला, लवंगांचे डोळे लावले. ओवीनं धडा संपायच्या आत त्याचं डोकं खाल्लं. बोटांना वळण लागावं म्हणून तिला टोपलीभर तुरीच्या शेंगा सोलायला बसवलं. वळण ओवीच्या बोटांना लागलं आणि त्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी आबांनी खाल्ली. पेंग्विन मोजायला तर हा माणूस तिला चक्क कोर्टासमोर घेऊन गेला. काळे कोट, पांढरे शर्ट, झुंडीनं उभे. ओवीनं वीसपर्यंत मोजले. एका वकिलानं चौकशी केली, तेव्हा काकांनी त्याला हलू नका म्हणून सांगितलं, मोजणी चुकते.

संक्रांतीनंतर बातमी आली की ओवीची आई परत येते आहे आणि पुण्याच्या एका शाळेनं प्रवेशासाठी ओवीशी फोनवर गप्पा ठेवल्या आहेत. त्या दिवशी काकांनी मला जिन्यात गाठलं. एरवी हा माणूस बोलताना समोरच्याचं रीडिंग घेत असतो. आज तो पायरीकडे बघत होता.

"मॅडम, पोट्टी त्यात नापास झाली, तं इथंच राहीन ना?"

मला काय, जीभ तयारच. म्हटलं, तुमच्या शाळेतली मुलगी पास होईल ही भीती सोडा. काका हसले नाहीत. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता, "वकील नाई बाई, पेंग्विन. म्हन, पेंग्विन." बराच वेळ येत होता.

गप्पांच्या दिवशी मीही फोनच्या मागे उभी होते. पडद्यावरच्या बाईंनी पेंग्विनचं चित्र दाखवलं. ओवीनं एक डोळा मिटून नीट पाहिलं आणि सांगितलं, "वकील." काकांचा चेहरा असा काही खुलला की मला चहा ठेवावासा वाटला. बाईंनी पुढे विचारलं, थंडीत काय गोठतं? ओवी म्हणाली खोबरेल तेल, आणि ते आधी बाटलीच्या कडेनं गोठतं, मग मध्ये. बाई पोट धरून हसल्या. इतकं निरीक्षण असलेली मुलगी फार दिवसांत पाहिली नाही, म्हणाल्या. प्रवेश जागच्या जागी पक्का झाला. काकांनी फोन खाली ठेवला आणि बाटली उन्हातून आत आणायला गेले. ती आतच होती.

पुण्याला निघताना ओवीनं विचारलं, आपल्या शाळेचं काय? काका म्हणाले, "चालूच राहीन. सकाळी तू फोन लाव. तेल गोठलं, तं भरवू शाळा. नाई गोठलं, तं सुट्टी." ओवीनं मान डोलावली. नियम तिला माहीत होता.

फोन रोज यायला लागला. गच्चीवर कपडे वाळत घालताना मला ऐकू यायचं. आबा, रीडिंग? पूर्ण गोठलं बाई. मग आकडे, पाढे, कोर्टाच्या गोष्टी, शाळा रंगायची. फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये आमचे कूलर निघाले, दुपारी गच्चीवर पाय ठेववेना, तरी शाळा चालूच. एकदा सकाळी पाहिलं तर काका फोनसमोर कानटोपी घालून, अंगावर शाल घेऊन बसलेले. घाम कानटोपीतून गालावर उतरत होता. "लय थंडी हाय इकडे," ते सांगत होते. मनात म्हटलं, म्हातारा कामातून गेला.

त्याच दिवशी विरजण मागायला त्यांच्याकडे गेले. फ्रीजमधून घ्या म्हणाले, आणि लगेच, थांबा, मीच देतो, म्हणून उठले. पण तोवर मी दार उघडलं होतं. दह्याच्या भांड्याशेजारी खोबरेल तेलाची बाटली होती. पांढरी, पूर्ण गोठलेली.

घरी बसून आकडे भरणाऱ्यांबद्दल इतकी वर्षं ऐकलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. अशी संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. काका माझ्यामागे हातात कानटोपी चुरगाळत उभे होते.

"सुट्टी लागली, तं मंग पोट्टी फोन कायले करन?" ते हळूच म्हणाले.

मी बाटली दह्याशेजारून उचलून आत, बर्फाच्या कप्प्याजवळ सरकवली, फ्रीजचं बटण एका आकड्यानं पुढे केलं आणि विरजण घेऊन घरी आले.