नऊ ते पाच आराम

डॉ. निशिगंधाला आज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच आराम करायचा होता. हौसेने नव्हे, परीक्षेसाठी.

एमडीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी तीन महिन्यांच्या ड्युटीवर महाडच्या एका सरकारी दवाखान्यात आली होती. तिच्या पुण्याच्या कॉलेजने निवासी डॉक्टरांसाठी यंदा एक नवा अभ्यासक्रम काढला होता: स्वतःची काळजी कशी घ्यावी. त्याची व्याख्यानं ऑनलाइन व्हायची आणि ती ड्युटी संपल्यावर असल्यामुळे उरलीसुरली झोपही त्यातच जायची. शेवटचं प्रात्यक्षिक मात्र दिसायला सोपं होतं. एक दिवस पूर्ण आराम करायचा. दवाखान्यात जायचं नाही, रुग्ण तपासायचा नाही आणि आपल्याला दिलेल्या वेळी, निशिगंधाला पाच वाजता, अभ्यासक्रमाचे प्रमुख डॉ. सुहास यांना व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं मुलाखत द्यायची. संधी तीन. तिन्ही हुकल्या तर परीक्षेचा फॉर्म अडणार, म्हणजे वर्ष पाण्यात.

दोन संधी हुकून झाल्या होत्या. पहिल्या वेळी सर्पदंशाचा रुग्ण आला. दुसऱ्या वेळी कोणीच आलं नाही, तेव्हा या बाई स्वतःच अकरा वाजता "नुसती एक नजर टाकून येते" म्हणून दवाखान्यात गेल्या आणि दिवेलागणीला परतल्या. हुशार मुलगी, पण रिकामं बसायची विद्या तिला कोणी शिकवलीच नव्हती.

म्हणून आज सूत्रं हेड सिस्टर बिल्किस यांनी हातात घेतली. निशिगंधा त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची.

"मॅडम, आज पाय बाहेर काढलात तर मी बाहेरून कडी लावीन."

"सिस्टर, सात नंबरच्या आजोबांचं पोटॅशियम..."

"सात नंबरला मोठे डॉक्टर बघतील. तुम्ही झोपा."

एवढं करून त्या थांबल्या असत्या तर ही गोष्ट झालीच नसती. पण बिल्किस सिस्टरना काम अर्धवट ठेवायची सवय नव्हती. दवाखान्यात पोचल्याबरोबर त्यांनी ओपीडीच्या दारावर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात कागद चिकटवला: "डॉ. निशिगंधा आज पूर्ण विश्रांती घेत आहेत. कोणीही भेटायला जाऊ नये."

कागद पहिल्यांदा वाचला तो दत्तारामने. जवळच्या नाते गावाहून मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा, भरून माणसं आणायचा त्याचा धंदा. त्याने विचार केला, आणि तुम्हीआम्हीही तोच केला असता. दोन महिन्यांत रविवारीसुद्धा घरी न बसलेली बाई एकदम पूर्ण विश्रांती घेते? आणि 'भेटायला जाऊ नये' ही पाटी तर दवाखान्यात फक्त अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्याच्या खोलीबाहेर लागते.

"डॉक्टरीणबाय लय सीरियस हाय," त्याने मिनीडोरमध्ये जाहीर केलं. "भेटायलाच सोडत नाय."

आता आमच्याकडे माणूस आजारी पडला की समाचाराला जावंच लागतं. भेटू नका म्हटलं की तर जास्तच जावं लागतं, नाहीतर मागाहून ऐकून घ्यावं लागतं. दत्तारामने दुपारपर्यंत नात्याच्या तीन आणि बिरवाडीच्या दोन फेऱ्या केल्या.

पहिली आली ठमाबाई. रक्तदाबाची जुनी रुग्ण, वय सत्तरीचं आणि आवाज विशीतला. ती डब्यात पेज घेऊन थेट वर आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"काय झाला गो तुला?"

"काही नाही आजी. मी नुसता आराम करतेय."

ठमाबाईने बरोबरच्या बनुबाईकडे अर्थपूर्ण पाहिलं. "सांगत नाय बघ. मोठा दुखणा असला का माणूस सांगत नाय."

"खरंच मला काही झालेलं नाही!"

"चिडचिड पण हाय," बनुबाईने निदान केलं आणि मुठीत मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला सुरुवात केली.

पाठोपाठ कोंडाजी शहाळी घेऊन आला. हा मधुमेहाचा रुग्ण. निशिगंधा त्याला दर आठवड्याला झापायची. आज त्याने खुर्ची ओढली, पायावर पाय टाकला आणि नेमका तिचाच सूर लावला.

"जेवण टायमावर हाय काय?"

"असं काही नाही... कधी चारला, कधी..."

"कधी चारला!" कोंडाजीने मान हलवली. "झोप किती?"

"चार-पाच तास."

"रोज चालतेस काय?"

"वॉर्डात चालते."

"ता चालना न्हवं. मीच तुला किती वेळा सांगायचा?" कोंडाजी म्हणाला. खरं तर तो पहिल्यांदाच सांगत होता, पण हे वाक्य उलट म्हणायची वाट तो दोन महिने पाहत असावा.

बारा वाजता जिन्यावर रांग लागली होती, दोनला अंगण भरलं. नियमात स्पष्ट लिहिलं होतं की रुग्ण तपासायचा नाही आणि इथे तिची अख्खी ओपीडी चपला काढून घरात शिरली होती. तिने बिल्किस सिस्टरना फोन लावला. त्या धावत आल्या आणि जिन्यात उभं राहून ओरडल्या, "अरे, बाईंना काही झालेलं नाही! त्यांना फक्त झोपेची गरज आहे!"

हा आजार मात्र अंगणातल्या प्रत्येकाला ताबडतोब समजला आणि उपायही प्रत्येकाकडे होता. ठमाबाईने बाकीच्यांना हुसकून खाली पाठवलं, पेज पाजली, पदरात बांधून आणलेली तेलाची बाटली सोडली आणि निशिगंधाचं डोकं मांडीवर घेतलं.

"आजी, मला पाच वाजता कॉल आहे. तुम्ही रुग्ण आहात. मला नापास..."

"डोळं मिट."

निशिगंधाने वाद घालण्यासाठी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. अडीच वाजता ती घोरत होती.

पाचला फोन वाजला. बिल्किस सिस्टरनी घाईने तिच्या खांद्याला हात लावला, तसा ठमाबाईने त्यांच्या हातावर फटका मारला.

"उठवायची नाय."

"आजी, मॅडमचं वर्ष जाईल! ही शेवटची संधी आहे!"

"जाऊदे. वर्ष दुसरा येल, पोर कुठनं आणशील?"

आणि तिने स्वतः फोन उचलला. पडद्यावर डॉ. सुहास होते. शर्ट इस्त्रीचा, चेहरा चुरगळलेला.

"डॉ. निशिगंधा कुठे आहेत?"

"झोपलीय."

"उठवा त्यांना. त्यांना आराम मिळाला का, हे मला विचारायचंय."

"ता विचाराला उठवू?" ठमाबाईने फोन निशिगंधाच्या तोंडासमोर धरला. घोरणं पुण्यापर्यंत गेलं. मग तिने फोन परत आपल्याकडे वळवला आणि डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. "तू जेवलास काय रे?"

"मी? माझे... सकाळपासून कॉल चालू आहेत. हा बत्तिसावा."

"जेवलास काय, ता विचारला."

डॉ. सुहास यांनी घड्याळाकडे पाहिलं. खिडकीखाली अंगणात कान लावून बसलेली चाळीस माणसं मात्र कुजबुजत म्हणाली, "नाय जेवला."

"जा, जेव. आनी नीज," ठमाबाई म्हणाली आणि लाल बटण दाबलं.

बिल्किस सिस्टर जिन्याच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसल्या. आपल्या एका कागदापायी पोरीचं वर्ष गेलं, हे त्यांना काही केल्या सहन होईना.

निशिगंधाला जाग आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. कितीतरी महिन्यांनी तिला अंगाचा एकही कोपरा दुखत नव्हता. मग तिने घड्याळ पाहिलं आणि किंचाळली. लगेच तिने डॉ. सुहासना फोन लावला.

"सर, माफ करा. मी सगळे नियम मोडले. दिवसभरात चाळीस रुग्ण भेटले."

"तपासलेस?"

"नाही सर. त्यांनीच मला तपासलं."

"मग नियम मोडला नाही. तू पास आहेस."

"पण सर, मी मुलाखत दिलीच नाही. मी तर झोपले होते!"

"बाकीच्या एकतीस जणांनी मला दहा-दहा मिनिटं समजावून सांगितलं की त्यांना किती आराम मिळाला. सगळे जांभया देत होते," डॉ. सुहास म्हणाले. "पुरावा फक्त तूच दिलास."

निशिगंधाचे डोळे भरून आले आणि हसूही येऊ लागलं.

"एक विचारू? मी पुढच्या शनिवारी तिकडे आलो आणि मला काहीही झालेलं नसलं," डॉ. सुहास यांनी आवाज खाली आणला, "तरी ती माणसं भेटायला येतील का?"