सीलबंद काकडं

चंद्रभान इंगळ्यांनी रविवारी सकाळी भाजीची पिशवी ओट्यावर उपडी केली आणि त्यांचं डोकंच फिरलं. सालवडमधल्या त्यांच्या सोसायटीतल्या वीस घरांनी मिळून विक्रमगडकडच्या झिपरूशी ठरवलं होतं, की त्याच्या शेतात औषध न फवारता जे पिकेल ते दर रविवारी आपल्या दारात यावं. हंगामाची वर्गणी आगाऊ भरून झाली होती. आणि पिशवीत काय, तर ना भेंडी ना गवार. तपकिरी सोंडांसारखी कसलीशी जुडी, आणि सोबत आवळ्याहून लहान, दगडासारखी टणक हिरवी फळं. आता बोला.

माणूस तारापूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला. एकतीस वर्षं लोकांचा माल परत धाडण्यात गेलेली. घरातल्या कणकेतही खोट काढणारा हा गृहस्थ ही फळं बरी सोडेल? त्यांनी ती मोजली. चौदा निघाली. मग वजनकाट्यावर ठेवली आणि आकडा पाहून आणखीच भडकले.

त्यांची बायको रखमाबाई भीतभीत म्हणाल्या, “ते झिपरूची जिवलीबाई देताना म्हने, शेवळं हायेत, संग हे काकडं भाजीत टाकजा.”

“भाजीत? अवं, वजन भरायले टाकले हे कच्चे फळं,” चंद्रभान म्हणाले. “आता हा नमुना झाला. नमुन्याले हात लावायचा नाही.”

खामगावच्या माणसाला इथल्या रानात उगवणारी शेवळं ठाऊक नसावीत, हे एक वेळ समजू शकतं. पण ठाऊक नाही म्हणून कुणाला विचारावं, तर तेही नाही. त्यांनी काकडं प्लास्टिकच्या पिशवीत भरली, तोंडाला चिकटपट्टी लावली, पट्टीवर आडवी सही ठोकली आणि खाली तारीख घातली. झिपरूचा करार पुढे चालवायचा का, हे ठरवायला बारा वाजता गटाची बैठक होती. झिपरू आणि त्याची बायको जिवली दोघंही थांबणार होती. त्यांच्या देखत नमुना दाखवून करार मोडायचा, असं चंद्रभानांनी पक्कं केलं. तीन पानी तक्रार तयार होती. शेतातला माल ठरला असताना रानातलं गवत का, हे पहिलं कारण, आणि दुसरं कारण त्या पिशवीत.

निघण्याआधी ते घाईघाईने जेवले. शेवळांची भाजी त्यांनी दोनदा वाढून घेतली, कारण चव न बघता माल नाकारणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. रखमाबाईंना एकादशी होती, म्हणून त्या वाचल्या. जिना उतरताना चंद्रभानांचा घसा जरा खवखवला. मिरची जास्त झाली असेल, असं म्हणत ते तरातरा हॉलमध्ये शिरले.

गट चालवणारी वैभवी आधी झिपरूकडे वळली. तो उभा राहिला. हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, “औंदा भट्टीवर येणार नाय म्हनून मुकादमाला सांगून बसलोय. तुमच्याच भरवशावर. आता तुमी नाय म्हटलं, तर पोरांना घेऊन परत विटा थापायला जावं लागंल.” मग तो बसला. वैभवीने चंद्रभानांना बोलायला सांगितलं.

चंद्रभान उठले, पानं सरळ केली, तोंड उघडलं आणि आतून नुसती शिट्टीसारखी हवा आली. घशात कुणी काथ्या घासावा तशी खाज सुटली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. झिपरूचं ऐकून इंगळेकाकांना गहिवरून आलं, असं लोकांना वाटलं. शेजारच्या भाग्येशने तर त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. या गैरसमजाने चंद्रभान इतके संतापले, की त्यांनी तो सीलबंद पुरावाच सगळ्यांपुढे उंच धरला.

जिवली उठली. तिने पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि सही केलेली पट्टी सरळ दातांनी फाडली. चंद्रभान दोन्ही हात हलवून सहीकडे बोट दाखवत होते, पण ऐकतंय कोण.

“नुसती शेवळं खाल्ली काय तुमी?” ती म्हणाली. “काकडांचा रस नाय पडला तर ती घसा धरतात. म्हनून तर आमी जोडीनं देतो. घ्या, चावा.”

पहिल्या काकडाने कानापर्यंत आंबट कळ गेली. तिसऱ्याला खाज उतरू लागली. मग चंद्रभान थांबेचनात. पुरावा सगळ्यांसमक्ष खाऊन संपला आणि टेबलावर बियांचा ढीग राहिला.

“काका, तक्रारीतलं दुसरं कारण काय होतं?” टेबलावरची पानं चाळत वैभवीने विचारलं.

चंद्रभानांनी बियांकडे पाहिलं. तिन्ही पानं घडी करून खिशात घातली. झिपरूचा करार चालू ठेवायला कुणाकुणाची हरकत नाही, असं विचारताच पहिला हात त्यांचाच वर गेला. गालात शेवटचं काकड होतं.

पुढच्या रविवारी मात्र ते पिशवी घेऊन तणतणत टेम्पोपाशी आले.

“मागच्या खेपेले चौदा होते. आज अकराच कसे?”

झिपरूने सीटखालून चिकटपट्टी लावलेली एक पुडी काढली आणि अदबीने त्यांच्यापुढे धरली.

“तीन नमुन्याला ठेवलीत, साहेब. तेवढी तुमची सही राहिलीय.”