न फुगणाऱ्या रोटलीचा तपास

"मी बोलत नाही, पुरावे बोलतात," असं आमचे हर्षदकुमार सांगतात आणि मग दोन तास बोलतात. स्वतःला ते ‘सौराष्ट्रातली शेवटची शोधक बुद्धी’ म्हणवतात. नोकरी त्यांनी जकात नाक्यावर केली. तिथे नुसत्या वासावरून ते ट्रकमधला माल ओळखत. ओळखलेला माल तोच निघायचा का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ते माझे मेहुणे, म्हणजे या घरचे जावई, आणि भावनगरात जावयाला ‘गप्प बसा’ म्हणायची पद्धत नाही. म्हणून दर जूनमध्ये ते महिनाभर आमच्याकडे राहतात आणि मी त्यांचा सहायक होतो.

यंदाचं प्रकरण गंभीर होतं. अकरा तारखेपासून घरची रोटली फुगेना. तव्यावर पापडासारखी पडून राहायची आणि ताटात येईपर्यंत कडेनं चिरायची. त्याच दिवशी नव्या गव्हाची पिंपं उघडली होती, हा तपशील हर्षदकुमारांनी माझ्या टिपणातून ‘अनावश्यक’ म्हणून खोडला. गहू माझ्या आईनं, बानं, स्वतः दाणा दाणा पारखून घेतला होता. बाचं वय एक्याऐंशी. तिच्या गव्हावर संशय घ्यायची कुणाची छाती नव्हती.

मग बालंट आलं रमीलाबेनवर. एकोणीस वर्षं त्या आमच्याकडे रोटल्या लाटतात.

"रमीला, तुझं लक्ष राहिलं नाही," बा बुधवारी म्हणाली. "रविवारी दुसरी बाई बोलावलीय."

 त्या दिवशी रमीलाबेनच्या हातून पहिल्यांदा दूध उतू गेलं.

"बा, रविवारच्या आत गुन्हेगार तुमच्यासमोर उभा करतो," हर्षदकुमार म्हणाले.

"कुमार, गुन्हेगाराचं मी काय करू? मला रोटली हवीय."

तपास सुरू झाला. रोज एक रोटली चिमट्यानं उचलून, तारीख घालून फायलीत लावायची. दुसऱ्या दिवशी फायलीला मुंग्या लागल्या. "एकटादुकटा नाही," हर्षदकुमार रांगेकडे बघून म्हणाले. "टोळी आहे."

पहिला संशय पाण्यावर. मी पलीकडच्या सोसायटीतून दोन कळशा पाणी वाहून आणलं. रोटली तशीच, माझी कंबर मात्र वेगळी झाली.

दुसरा संशय एरंडेलावर. वर्षाचा गहू भरताना बा त्याला एरंडेल चोळते, कीड लागू नये म्हणून. "एरंडेलानं दाणा सुस्त होतो," असा सिद्धांत मांडून हर्षदकुमारांनी ते स्वतःवर तपासायला दोन चमचे घेतलं. शुक्रवारचा तपास घरातल्या सर्वांत लहान खोलीतून चालला.

तिसरा संशय शेजारच्या कुसुमबेनवर.

"तुमची रोटली फुगते?" हर्षदकुमारांनी भिंतीवरून दरडावलं.

"फुगते की."

"आमची बंद पडल्यापासून?"

"लग्न झाल्यापासून," कुसुमबेन म्हणाल्या. "जमाईराज, ऊन लागलंय का? ताक पाठवू?"

ताक हर्षदकुमारांनी पुरावा म्हणून स्वीकारलं आणि पिऊन टाकलं.

एवढ्या धावपळीतही सकाळी चहाबरोबर गव्हाची भाखरी आली की त्यांचा चेहरा खुलायचा. "बा, एरवी तुमची भाखरी कडाकडा वाजते. यंदा काय मऊ आहे!"

"कुमार, तुमची नवी कवळी चांगली बसली म्हणायची," बा म्हणाली.

रविवारी सिहोरहून बानं बोलावलेल्या मंजुलाबेन आल्या. हर्षदकुमारांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात उभं केलं. रमीलाबेन दाराशी, पदराचं टोक मुठीत.

"गुन्हेगार या खोलीतच आहे," ते म्हणाले आणि बोट दळणाच्या घरघंटीवर रोखलं. "हिची जाळी..."

"रोटलीचा गहू कुठला?" मंजुलाबेननी मधेच विचारलं.

बानं पिंप दाखवलं. झाकणावर रंगानं ‘रोटली’ लिहिलेलं. मंजुलाबेननी मूठभर गहू काढला आणि एक दाणा दाताखाली धरला. कट्‌ असा आवाज झाला.

"बा, हा भालिया. भाखरीचा, लाडवाचा. याची रोटली करता?" त्यांनी ‘भाखरी’ लिहिलेलं दुसरं पिंप उघडलं. "रोटलीचा टुकडी गहू इथं पडलाय!"

मे महिन्यात दोन्ही पिंपांची झाकणं धुऊन गच्चीवर वाळत घातली होती.

"परत कुणी बसवली?" मी विचारलं. सहायक म्हणून हा माझा पहिलाच प्रश्न.

बा खिडकीबाहेर बघू लागली. गव्हाच्या पिंपाला ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," हर्षदकुमार म्हणाले. "फक्त साक्षीदार मिळत नव्हता."

मंजुलाबेननी पिशवी उचलली. "माझं इथं काम नाही, बा. असल्या पिठाची दहा दिवस रोटली लाटली, ही बाई सोडू नका."

टुकडी दळली, कणीक मळली. रमीलाबेननी लाटणं उचललं, तर बानं ते काढून घेतलं.

"बस."

"मी?"

"पाटावर बस. गरम खा."

आमच्या घरात लाटणारी नेहमी शेवटी जेवते, गार. बा लाटायला बसली. तिची रोटली गोल म्हणता आली नसती, पण तव्यावर टम्म फुगली. रमीलाबेननी घास तोडला. आम्ही सगळे बघत उभे.

"कशी झालीय?" बानं विचारलं.

रमीलाबेननी सावकाश चावून गिळलं.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "तूप जरा हात राखून लावलंय."

बानं तुपाचा डबा पुढे ओढला.