अप्पांचा सपाट रस्ता

टँकरच्या रांगेत उभं राहून “पाऊस आणखी आठ दिवस तरी येऊ नये” असं मोठ्यानं म्हणणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. त्या दिवशी रांगेतल्या बायकांच्या हातात रिकाम्या घागरी होत्या आणि त्यांतली एकही काशीनाथअप्पांच्या टकलावर बसली नाही, हे लातूरच्या बायकांच्या सोशिकपणाचं लक्षण मानायला हवं. माझी अम्मी तेवढी म्हणाली, “अप्पा, तुमच्या तोंडात माती पडो.”

अप्पा जराही न चिडता म्हणाले, “माती पडू द्या भाभी, पाणी नको. येत्या रविवारपस्तोर नदी कोरडी पायजे मला.”

सगळा मुलूख आभाळाकडं डोळे लावून बसलेला असताना या गृहस्थाला नदी कोरडी कशाला हवी होती? तर सायकल चालवायला. हसू नका. मीही हसलो नव्हतो, मला राग आला होता.

अप्पा शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. नोकरीभर त्यांनी पोरांकडून कमळ आणि फुलदाणी काढून घेतली आणि निवृत्त झाले. त्यानंतर एके दिवशी गंजगोलाईतल्या एका रद्दीवाल्याकडं त्यांना एक जाडजूड रंगीत पुस्तक मिळालं. फ्रान्स देशातल्या कुठल्याशा नदीकाठच्या सायकलवाटांचं. भाषा फ्रेंच. लातुरात फ्रेंच वाचणारं कोणी नव्हतं, पण अप्पांचं त्यावाचून काही अडलं नाही. चित्रं होती, नकाशे होते. त्यात रुंद, संथ नदी होती, दोन्ही अंगाला पाटासारखी सपाट शेतं होती आणि मधून झाडांच्या सावलीतली सरळ वाट. त्या वाटेवर एक पांढऱ्या केसांचा म्हातारा आणि त्याची म्हातारी सायकली हाणत चाललेली. नकाशात चहाच्या जागी कप काढलेला आणि मुक्कामाच्या जागी पलंग.

“ह्या कपापासून त्या कपापस्तोर एक चढ न्हाई बघ, जमीर,” अप्पा मला सांगत. “तिकडचं सरकार म्हाताऱ्या माणसाचा इचार करतंय.”

ज्या माणसानं उस्मानाबादच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं, तो मला फ्रान्सच्या सरकारचं धोरण समजावून सांगत होता. मी ऐकून घेई. शेजार होता, काय करणार?

त्या पुस्तकापासून अप्पांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली: चढ. कुठंही बोलावलं की पहिला प्रश्न, “चढ हाय का?” जवळचा डॉक्टर सोडून ते लांबच्या डॉक्टरकडं जात, कारण जवळच्याच्या वाटेत चढ होता. त्या दुसऱ्या डॉक्टरच्या औषधानं त्यांना कधी गुण आला नाही, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नसे. खिशात कायम काचेची एक गोटी असायची. रस्त्यात मध्येच बसायचं, गोटी ठेवायची आणि ती कुठं घरंगळते ते बघायचं. मागून ट्रक भोंगे वाजवतायत, ड्रायव्हर आईबहिणीचा उद्धार करतायत आणि अप्पा उकिडवे बसून हात वर करून सांगतायत, “थांब बाबा, थांब. गोटी अजून ठरली न्हाई.”

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. दुकानांच्या पाट्या पुन्हा रंगवल्या जात होत्या, जो तो ‘जिल्ह्याचं ठिकाण’ हे शब्द तोंडात पेढा धरल्यासारखे बोलत होता. मी नव्या कचेरीत टंकलेखक म्हणून लागलो होतो. अप्पा एके दिवशी पुस्तक काखेत मारून थेट आमच्या साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, जिल्हा झाला, ब्येस झालं. आता मांजरेच्या काठानं असा एक रस्ता करा.” साहेबांनी चित्रातल्या भरलेल्या नदीकडं पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या टँकरकडं पाहिलं आणि मला विचारलं, “हे तुमच्या ओळखीचे आहेत?” मी नाही म्हणालो. अप्पा म्हणाले, “असं कसं, भिंतीला भिंत हाय की.”

सरकार रस्ता करत नाही म्हटल्यावर अप्पा स्वतःच रस्ता शोधायला लागले. आधी चारी दिशांना हिंडत. पण त्या उन्हाळ्यात ते एकाच दिशेला जाऊ लागले, नांदेड रोडनं पुलापर्यंत आणि तिथून नदीच्या खालच्या अंगाला हरणवाडीकडं. हरणवाडी हे काकूंचं माहेर. काकू म्हणजे अप्पांची बायको, चंद्राकाकू. त्यांचे थोरले भाऊ, बसवंतअण्णा, लकव्यानं अंथरुणाला खिळल्याचा निरोप चैत्रात आला होता. निरोप्या सांगून गेला, “अण्णा बहिणीचं नाव घेऊन राहिलेत. लौकर या.”

आता कुणीही म्हणेल, मग यष्टीत बसावं आणि जावं. इथंच तर गोम होती. चंद्राकाकूंना गाडी लागायची. हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. पंचमीला गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जायच्या आणि काकू तेवढ्या आमच्या अंगणातल्या झोक्यावर बसून म्हणायच्या, “मला गाडी लागती बाई, न्हाईतर मीबी गेले असते.” मोटार नको, जीप नको. राहिली सायकल. पण रस्त्यानं जायचं तर वाटेत दोन मोठे चढ, काकूंना दमा आणि अप्पांचे गुडघे गेलेले. डबलसीट घेऊन चढ चढणं अप्पांच्या बापाच्यानंही झालं नसतं.

म्हणून मग नदी. काठानं बाभळी आणि ओघळी, पण पात्र कोरडंठाक. दोन्ही काठांमध्ये सपाटच सपाट. फ्रान्समध्ये नदीच्या कडेनं जातात, अप्पा नदीतूनच जाणार होते! पाऊस पडला की हा रस्ता बंद, म्हणून तो पडायला नको होता. एका बाईला भावाकडं पोचवायला सगळ्या जिल्ह्यानं तहानलेलं राहावं, असा हा हिशेब.

“आणि परत कसं येणार?” मी विचारलं.

“परतायचा इचार अजून केला न्हाई,” अप्पा म्हणाले. “पुस्तकातबी दोघं जातानाच दिसतात.”

सोबतीला मी गेलो, कारण अम्मीनं पाठवलं. म्हणाली, तो येडा त्या बिचारीला वाटेत पाडील. रविवारी पहाटे दोन सायकलींवर निघालो. अप्पांच्या मागं कॅरिअरवर घोंगडी आणि घोंगडीवर काकू, मांडीवर अण्णांसाठी धपाट्यांचं गाठोडं. पुलापर्यंत उतारच उतार. अप्पा सुटले. टोपी उडाली, ती मी उचलली. पुलाशी माझी सायकल पंक्चर झाली, ती तिथल्या टपरीवर टाकून मी मागं पळत सुटलो. पुलाखाली पात्रात उतरल्यावर थोडा वेळ भेगाळलेल्या काळ्या मातीवरून सायकल धडधडत गेलीसुद्धा. अप्पा मागं वळून ओरडले, “बघ जमीर, सपाट!”

आणि पुढं वाळू लागली.

गोटीनं सपाटी कळते, वाळू कळत नाही. एवढं साधं चित्रकलेच्या मास्तरांच्या ध्यानात आलं नव्हतं. चाकं रुतली. काकू उतरल्या. अप्पांनी सायकल ढकलत पुढं न्यायला सुरुवात केली आणि काकू नि मी मागून चालायला लागलो. ऊन चढलं. काकू चार पावलं टाकत आणि थांबत. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “काकू, हे वाळवंट तुडवण्यापेक्षा यष्टीत एकदा उलटी झाली असती तर काय बिघडलं असतं?”

काकू पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “मला कवा लागली गाडी?”

मी थबकून वळलो.

“लग्न होऊन यष्टीतच आलो की आम्ही. ओकले ते हे व्हते. माझ्या शालूवर.”

मग थांबत, धापा टाकत त्यांनी सांगितलं. अण्णांच्या पोरीच्या लग्नात लाउडस्पीकरवरून एकेका जावयाचं नाव पुकारून टोपी-टॉवेलाचा आहेर चालला होता. पुकारणाऱ्याच्या घोळात अप्पांचं नाव राहिलं. थोरल्याला मिळाला, धाकट्याला मिळाला, मधले अप्पा मांडवात बसून राहिले. अण्णा नंतर टॉवेल घेऊन धावत आले, तर अप्पांनी तो घेतला नाही. भरल्या पंगतीतून उठले आणि घरी आल्यावर काकूंना म्हणाले, “त्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठिवणार न्हाई, माझी बायकोबी ठिवणार न्हाई.”

“लोकं इचारायले की माहेराला का जात न्हाईस. काय सांगू? एका टॉवेलापायी नवरा सोडत न्हाई म्हणू? लोक हसले असते ह्येंला. मग म्हणलं, गाडी लागती.”

“आणि अप्पांना हे ठाऊक आहे?”

“न्हाई कसं? म्हणून तर सायकल.” काकू पुढं वाकून चाललेल्या अप्पांकडं बघत म्हणाल्या. “यष्टीनं चल म्हणले तर मी इतकी वर्सं खोटं बोलले असं व्हतंय. आणि चुकलो म्हणायला तर जीभ वळत न्हाई ह्येंची.”

म्हणजे एक ‘चुकलो’ म्हणायचं टाळण्यासाठी या माणसानं फ्रान्सपासून मांजरेपर्यंतचा सगळा भूगोल कामाला लावला होता. असले अडेलतट्टू मी दुसरीकडं पाहिले नाहीत.

हरणवाडी दिसली तेव्हा दुपार व्हायला आली होती. आणि तिथं अप्पांचं दुसरं गणित चुकलं. पुस्तकातली गावं पाण्याच्या अंगाशीच बसलेली होती. आपल्याकडची नदीकाठची गावं पुराच्या भयानं उंच दरडीवर बसवलेली असतात. सपाट रस्ता संपला आणि समोर सगळ्या वाटेत नसेल एवढा उभा चढ होता.

अप्पांनी सायकल आडवी ठेवली आणि तिच्याशेजारी बसले. “तुम्ही जावा वर. मी सायकल बघतो.” त्या वैराण पात्रात सायकल न्यायला कावळासुद्धा नव्हता. काकूंनी गाठोडं उचललं. मी त्यांचा हात धरून, थांबत थांबत त्यांना वर नेलं.

अण्णा ओसरीवर बाजेवर पडले होते. एक हात लुळा, तोंड जरा वाकडं झालेलं. बहीण दिसताच त्यांनी चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं, ते सोडीनात. घरातली सगळी माणसं भोवती जमली. अण्णा अडखळत म्हणाले, “चंद्रा, इतकी वर्सं का गं आली न्हाईस?”

“गाडी लागती मला अण्णा,” काकू म्हणाल्या. “तुला ठावं हाय की.”

“खोटं बोलायली ती.”

आम्ही वळून पाहिलं. अप्पा दारात उभे होते. चढून आल्यानं छाती भात्यासारखी हलत होती. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहून ते म्हणाले, “हिला गाडी लागत न्हाई. कवाच लागली न्हाई. म्याच येऊ दिलं न्हाई हिला. चुकलो, अण्णा.”

अण्णांनी दारातल्या त्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाले, “सायकल कुठंय, दाजी?”

“खाली. नदीत.”

“वर आणा ती. पावसाचं काय खरं, वाहून जाईल.” आणि सुनेकडं मान वळवून म्हणाले, “दाजीला पायावर घ्यायला पाणी आण.”

सून घुटमळली. त्या गावात प्यायचं पाणी कोसावरून डोक्यावर यायचं, पाय धुणं लोक विसरले होते. अण्णा म्हणाले, “आण म्हणलं ना.” तिनं गळ्यापर्यंत भरलेला तांब्या आणला.

“नगं, नगं. प्यायला राहू द्या,” अप्पा पुटपुटले आणि मागं सरले. काकू उठल्या. त्यांनी सुनेच्या हातातला तांब्या घेतला, नवऱ्यापुढं वाकल्या आणि वाळूनं भरलेल्या त्या पायांवर बारीक धार धरली. सासुरवाडीच्या सगळ्या माणसांसमोर अप्पा दाराची चौकट धरून हुंदके देऊन रडले.

मी सायकल आणायला खाली गेलो.